आत्याच्या रिपोर्टवर सांगलीत ग्रेड २ आणि मुंबईत ग्रेड ३, गाठ तर एकच, मग खरं कुणाचं?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. माझ्या आत्याला (वय ५८) मार्चमध्ये डाव्या स्तनात गाठ लागली. ट्रूकट बायोप्सी झाली, त्यात कॅन्सर निघाला, मग सांगलीतच ऑपरेशन झालं. गाठ १.८ सेंमी, काखेतल्या १४ लिम्फ गाठींपैकी एकीतही काही नाही, ईआर पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का ते) पॉझिटिव्ह, हर-२ (पेशी जोरात वाढवणारं प्रथिन) निगेटिव्ह, ग्रेड २. डॉक्टर म्हणाले लवकर सापडलंय, गोळ्यांवर आणि रेडिएशनवर भागेल असं वाटतंय, पण एकदा मुंबईला दाखवून या. आम्ही ब्लॉक (गाठीचे मेणात बसवलेले तुकडे) आणि स्लाइड (त्यातले काचेवर लावलेले पातळ काप) घेऊन गेलो, तिथल्या पॅथॉलॉजीनं ते परत बघितले आणि रिपोर्ट दिला, बाकी सगळं तेच फक्त ग्रेड ३. आता तिथले ऑन्कोलॉजिस्ट म्हणतायत केमोचा विचार करावा लागेल.

घरात गोंधळ विचारू नका. बाबांनी "ग्रेड ३" ऐकलं आणि तिसऱ्या स्टेजला गेलं म्हणून हातपाय गाळले, आत्याच उलट त्यांना धीर देतेय. काका म्हणतात सांगलीवाल्यानं चूक केली, चुलतभाऊ म्हणतो मुंबईवाले मुद्दाम वाढवून सांगतात. मला एवढंच कळत नाही की तुकडा तोच, काच तीच, मग दोन डॉक्टरांना दोन वेगळ्या गोष्टी कशा दिसतात? शुगर मोजली तर दोन लॅबमध्ये ५-१० चा फरक येतो हे समजू शकतो, पण हे कॅन्सरचं आहे हो. कुणी या क्षेत्रातलं असेल तर प्लीज सांगा.

सडेतोड
सरळ आहे भाऊ. केमो म्हणजे बिल. पुढचं तुम्हीच समजा. माझ्या मेहुण्याच्या वेळी तीन ठिकाणी तीन रिपोर्ट आले होते.

स्लाइडवाला_डॉ
सडेतोड, स्लाइड बघणाऱ्याला केमोच्या बिलातलं काही मिळत नसतं, आणि बहुतेक वेळा त्याला पेशंट दिसतही नाही. असो.

कृष्णाकाठ, मी पॅथॉलॉजिस्ट आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी. आधी बाबांना सांगा की ग्रेड आणि स्टेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टेज म्हणजे आजार कुठवर पसरला, गाठ केवढी, काखेत गेला का. ग्रेड म्हणजे त्या पेशी मूळच्या स्वभावापासून किती बिघडल्यात. १.८ सेंमी आणि काख स्वच्छ, हे लवकरचंच आहे, ते मुंबईच्या रिपोर्टनं बदललेलं नाही.

आता ग्रेड कशी काढतात ते बघा म्हणजे निम्मा राग जाईल. तुमच्या रिपोर्टवर नॉटिंगहॅम किंवा एमबीआर असं काहीतरी लिहिलेलं असेल. ब्लूम आणि रिचर्डसन यांनी १९५७ मध्ये पद्धत बसवली, नॉटिंगहॅमच्या एल्स्टन आणि एलिस यांनी १९९१ मध्ये ती घासूनपुसून नीट केली, आज तीच चालते. तीन गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ मार्क. एक, पेशी अजून नळ्या बनवतायत का: गाठीचा ७५ टक्क्यांवर भाग नळ्यांचा असेल तर १, १० टक्क्यांच्या खाली असेल तर ३, मधला २. दुसरं, पेशींची केंद्रकं किती वेडीवाकडी आणि मोठी. तिसरं, मायटोसिस, म्हणजे विभागणीच्या अवस्थेत सापडलेल्या पेशी मोजायच्या. बेरीज ३ ते ५ आली तर ग्रेड १, ६-७ ला २, ८-९ ला ३.

आता तुमचे दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवा आणि बेरीज बघा. माझा अंदाज सांगू का, सांगलीची ७ असेल आणि मुंबईची ८. शाळेत ३४ मार्कवाला नापास आणि ३५ वाला पास, तसलाच प्रकार आहे हा.

कृष्णाकाठ
डॉक्टर, तुम्ही ज्योतिषी आहात का. सांगली: ३+२+२ = ७. मुंबई: ३+२+३ = ८. फक्त मायटोसिसचा मार्क बदललाय.

स्लाइडवाला_डॉ
ज्योतिष नाही हो, रोजचं आहे. नळ्यांवर आमचं आपसात बऱ्यापैकी जमतं. सगळ्यात जास्त वाजतं ते केंद्रकांवर, कारण "मध्यम वेडंवाकडं" आणि "फार वेडंवाकडं" यात रेघ कुठं मारायची ते प्रत्येकाच्या नजरेवर जातं. मायटोसिस तरी मोजायची गोष्ट आहे, पण मोजणीत काय काय होतं बघा. गाठीच्या कडेला, जिथं वाढ सगळ्यात जोरात आहे तिथं हाय पॉवरवर १० फील्ड (भिंगातून एका वेळी दिसणारा गोल म्हणजे एक फील्ड) मोजायची. ती "सगळ्यात जोरातली" जागा शोधायची कुणी, तर डोळ्यांनी आणि सवयीनं. मी ज्या कोपऱ्यात बसलो तिथं तुम्ही नाही बसलात तर आकडा वेगळा. त्यात मरणाऱ्या पेशीचं काळंकुट्ट केंद्रक मायटोसिससारखंच दिसतं, एखादा ते धरतो, एखादा सोडतो.

आणि फील्ड म्हणजे तरी केवढं? माझ्या मायक्रोस्कोपचं फील्ड ०.५ मिमी व्यासाचं असेल आणि दुसऱ्याचं ०.६, तर ऐकायला किरकोळ वाटतं, पण क्षेत्रफळ जवळजवळ दीडपट होतं. इकडे १२ सापडतील तिथं तिकडे १७ सापडणार. म्हणून व्यासाप्रमाणे वेगवेगळे कटऑफ असलेला तक्ता असतो आणि तो वापरायचा असतो. किती जण आपल्या मायक्रोस्कोपचा व्यास मोजून भिंतीवर चिकटवून ठेवतात ते विचारू नका, मी स्वतः पीजी संपल्यावर चार वर्षांनी मोजला.

आणखी एक विचारतो. ऑपरेशनच्या गाठीचे ब्लॉक किती होते, आणि तुम्ही मुंबईला सगळे नेले की एकच? दोघांनी एकच काच बघितली हे तुम्ही धरून चाललायत, ते आधी तपासा.

फॉर्मालिन
मी हिस्टो टेक्निशियन, म्हणजे तुकड्यांपासून काचा तयार करणारा, १४ वर्षं झाली. डॉक्टरसाहेबांनी मायक्रोस्कोपवरचं सांगितलं, मी त्याच्या आधीचं सांगतो कारण निम्मी भांडणं आमच्या टेबलावर तयार होतात आणि कुणाला पत्ताच नसतो. तुकडा शरीरातून निघाला की तासाभराच्या आत फॉर्मालिनमध्ये पडला पाहिजे, १० टक्के बफर्ड फॉर्मालिन, आणि तुकड्याच्या दहापट तरी. मोठा नमुना असेल तर पावासारखे काप देऊन टाकायचा, नाहीतर फॉर्मालिन वरवर मुरतं आणि आत गाठ तशीच खराब होत राहते. किमान ६ तास, जास्तीत जास्त ७२. हे झालं पुस्तकातलं. प्रत्यक्षात काय येतं आमच्याकडं, तर तालुक्याच्या ठिकाणाहून नातेवाईक लोणच्याच्या बरणीत नमुना घेऊन येतात, बरणीत ठासून भरलेला, फॉर्मालिन दोन बोटं, तेही मे महिन्यात एसटीनं पाच तास. एकदा तर सलाईनमध्ये टाकून पाठवलेलं. अशा पेशींची मायटोसिस ओळखूच येत नाहीत, मग आकडा कमी लागतो आणि ग्रेड खाली येते. हर-२ आणि ईआरचीही तीच बोंब. ते स्टेन (खास रंग देऊन करायच्या तपासण्या) तर याच्यापुढं आणखी नाजूक.

वर काच जाड कापली गेली, रंग जास्त चढला, की सगळी केंद्रकं काळी दिसतात आणि डॉक्टर आमच्या नावानं ओरडतात. बरोबरच आहे म्हणा.

मुंबईवाल्यांनी ब्लॉकमधून नवीन काच कापली असणार. म्हणजे "काच तीच" हे नाहीच दादा. त्याच ब्लॉकमधला पण जरा खालचा थर.

मृ_न्यूजर्सी
मला यात पडायला हवं कारण मी यातून गेलेय. २०१६ मध्ये मॅमोग्राममध्ये बारीक कॅल्सिफिकेशन दिसलं, बायोप्सी झाली, पहिला रिपोर्ट एडीएच, म्हणजे पेशी चमत्कारिक आहेत पण कॅन्सर नाही. मी सुटले म्हणून घरी येऊन साबुदाण्याची खिचडी केली (कशाला, उपास पण नव्हता, देव जाणे). आठवड्यानं फोन, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टनं बघितलंय, त्यांना वाटतंय लो ग्रेड डीसीआयएस, म्हणजे नळीच्या आतच थांबलेला कॅन्सर. एका आठवड्यात मी "लक्ष ठेवू" वरून "ऑपरेशन आणि रेडिएशन" वर. मी त्यांना विचारलं नक्की फरक काय, तर म्हणाले तशाच पेशी दोन नळ्या पूर्ण भरत असतील किंवा २ मिमीच्या वर पसरल्या असतील तर डीसीआयएस म्हणायचं, त्याच्या आत असेल तर एडीएच. दोन मिलिमीटर! मी फोन ठेवून स्वयंपाकघरात गेले आणि मोहरीचे दाणे बघत बसले.

तेव्हा झोप लागत नव्हती म्हणून वाचलं ते सांगते. इथे अमेरिकेत जोअ‍ॅन एल्मोर यांच्या टीमचा अभ्यास २०१५ मध्ये जामा या वैद्यकीय मासिकात आला होता. ८ राज्यांतले ११५ पॅथॉलॉजिस्ट, २४० बायोप्सींच्या स्लाइड, प्रत्येकाला त्यातल्या ६०. तीन तज्ज्ञांनी मिळून ठरवलेल्या निदानाशी यांची निदानं ताडून बघितली. पसरणाऱ्या कॅन्सरमध्ये ९६ टक्के जुळली. डीसीआयएसला ८४. साध्या, निरुपद्रवी गाठींना ८७. आणि माझ्या त्या एडीएचच्या गटात फक्त ४८! नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं असं मला तेव्हा वाटलेलं. सगळं धरून ७५ टक्के.

सडेतोड
म्हणजे चारातला एक रिपोर्ट चुकीचा. अमेरिकेत. मग आपल्याकडे काय असेल. मी काय वेगळं म्हणत होतो?

कृष्णाकाठ
हे वाचून मलाही धडकी भरली, खरंच ७५ च?

स्लाइडवाला_डॉ
थांबा, त्या ७५ नं खूप लोकांची झोप उडवलीय आणि ती अर्धवट वाचल्यामुळे. त्या २४० स्लाइड मुद्दाम निवडलेल्या होत्या. ७२ निरुपद्रवी, ७२ एडीएचसारख्या, ७३ डीसीआयएस आणि पसरणारे कॅन्सर फक्त २३. रोज ओपीडीत जे येतं त्यात एडीएच एवढं थोडंच असतं? म्हणजे पेपरात मुद्दाम अवघड गणितं जास्त घातली आणि मग पोरांना ७५ मार्क मिळाले म्हणून बोंब मारायची, तसं आहे. शिवाय प्रत्येक केसची एकच स्लाइड दिलेली, वेगळे स्टेन मागवायची सोय नाही, शेजाऱ्याला विचारायची सोय नाही. आम्ही रोज तसं काम करत नाही. त्याच टीमनं पुढच्या वर्षी हिशोब मांडला की तिथल्या बायकांच्या प्रत्यक्षातल्या १०० बायोप्सी घेतल्या तर साधारण ९२ चं निदान तज्ज्ञांच्या निदानाशी जुळेल, ४-५ जास्त गंभीर सांगितल्या जातील, ३ कमी. सडेतोड, हे पण लिहा की तुमच्या मेहुण्याला.

पण मी काही आमची बाजू धुवून काढत नाही. त्या अभ्यासातलं मला सगळ्यात बोचलेलं वेगळंच आहे. ते तीन तज्ज्ञ, ज्यांचं उत्तर बरोबर धरलं, त्यांचंही पहिल्या फेरीत, एकमेकांना न विचारता, तिघांचं एकमत ७५ टक्के केसमध्येच झालं होतं. उरलेल्यात बसून चर्चा करून ठरवलं. आणि ही गोष्ट नवी नाही. १९९१ मध्ये रोझाई यांनी पाच नावाजलेल्या पॅथॉलॉजिस्टना १७ सीमारेषेवरच्या केस दिल्या, एकाही केसमध्ये पाचही जणांचं जुळलं नाही. एकाही! पुढच्या वर्षी श्निट वगैरेंनी सहा जणांना आधी एकच नियमावली नीट समजावून दिली आणि मग २४ केस दिल्या, तेव्हा ५८ टक्के केसमध्ये सहाही जणांचं जुळलं. म्हणजे डोळे तेच, पण मोजपट्टी आधी ठरवली तर बराच फरक पडतो.

२०१५ च्या अभ्यासात आणखी एक दिसलं, ज्यांच्याकडे आठवड्याला ब्रेस्टच्या केस कमी येतात किंवा जे छोट्या जागी काम करतात त्यांची निदानं जास्त हुकली. हे माझ्याच गटाबद्दल आहे. सकाळी अपेंडिक्स, मग गर्भाशय, मग थायरॉइडची सुई, मध्येच एक ब्रेस्ट. मोठ्या सेंटरला एक माणूस दिवसभर ब्रेस्टच बघतो. तो माझ्यापेक्षा हुशार असेलच असं नाही, पण त्याचा हात बसलेला असतो. म्हणून मला एडीएच-डीसीआयएसची शंका आली की मी रिपोर्ट लिहायच्या आधी पुण्याच्या मित्राला काच पाठवतो, आणि पेशंटला तसं सांगतो. पूर्वी सांगत नव्हतो, लाज वाटायची.

विठाई६१
मी पेशंट. माझा हर-२ चा घोळ झाला होता. पहिल्या लॅबनं १+, म्हणजे निगेटिव्ह. दुसऱ्या लॅबनं २+, म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही, त्यावर फिश (हर-२ चं जीन थेट मोजणारी टेस्ट) करा म्हणाले. फिश पॉझिटिव्ह आली आणि वर्षभर ती महागडी इंजेक्शनं घेतली. सात वर्षं झाली, काल नातवाच्या मुंजीत पंगतीला वाढलं. पहिल्यावरच थांबले असते तर ते औषध मिळालंच नसतं. तेव्हा कृष्णाकाठ, दोन रिपोर्ट वेगळे आले म्हणून वाईट वाटून घेऊ नका, आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा.

स्लाइडवाला_डॉ
विठाईताई, बरं वाटलं वाचून. तुमचं उदाहरण महत्त्वाचं आहे कारण हर-२ मध्ये ० आणि १+ आणि २+ यांच्यामधल्या रेघा ग्रेडपेक्षाही पुसट आहेत. पूर्वी ० काय नि १+ काय, दोन्ही निगेटिव्ह म्हणून कुणी फार डोकं लावत नव्हतं. २०२२ मध्ये पसरलेल्या आजारात "हर-२ लो" वाल्यांनाही चालणारं औषध आलं आणि एका रात्रीत त्या रेघेला किंमत आली. नजरा तर तशाच होत्या.

कृष्णाकाठ, तुमच्या केसमध्ये हा ७ चा ८ झाला त्यानं इतका फरक का पडला तेही बघू. नॉटिंगहॅमचाच एक जुना इंडेक्स आहे, गाठीचा आकार सेंमीमध्ये गुणिले ०.२, अधिक काखेचा मार्क (स्वच्छ असेल तर १), अधिक ग्रेड. आत्याबाईंचा ग्रेड २ धरून ०.३६ + १ + २ = ३.३६. ३.४ पर्यंत चांगला गट. ग्रेड ३ धरला की ४.३६, म्हणजे मधला गट. त्या दोन गटांच्या मधल्या कुंपणावरच तुम्ही बसलेले आहात. गाठ मात्र एका पेशीनंही बदललेली नाही. म्हणून केमोचं फक्त या एका आकड्यावर ठरवू नका, ऑन्कोलॉजिस्टना थेट विचारा की हा बॉर्डरवरचा ग्रेड ३ आहे, २१ जीन्सवाल्या टेस्टसारखं (गाठीतली जीन्स बघून केमोचा फायदा होईल का याचा अंदाज देणारी टेस्ट) काही करून जास्त नीट कळेल का. खर्चिक आहे ती टेस्ट, ते आधीच सांगतो. की-६७ (किती टक्के पेशी वाढीला लागल्यात तो आकडा) कितीय तेही बघा, पण त्याच्यावर फार विसंबू नका. ५ च्या आत किंवा ३० च्या वर असेल तरच त्यावर भरवसा ठेवा असं की-६७ वाल्यांचाच आंतरराष्ट्रीय गट म्हणतो, मधल्या आकड्यांत पुन्हा आमचं आपसात जुळत नाही.

मृ_न्यूजर्सी
माझं पुढं काय झालं ते राहिलं. लम्पेक्टॉमी (फक्त तेवढा भाग काढायचं ऑपरेशन) केली, काढलेल्या भागात अजून काही सापडलं नाही, जे होतं ते बायोप्सीच्या सुईनंच निघून गेलं असावं. म्हणजे ते एडीएच होतं की डीसीआयएस हे आता कधीच कळणार नाही. आधी याचा फार त्रास व्हायचा. पण दुसरं मत घेतल्याचा पश्चात्ताप नाही. एल्मोर यांच्याच टीमनं २०१६ मध्ये कॉम्प्युटरवर करून बघितलं होतं, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टनं बघितलं तर चुकीचं वर्गीकरण २४.७ वरून १८.१ टक्क्यांवर येतं (त्याच अवघड स्लाइडवर). शून्यावर नाही येत. तेव्हा हे वाचून मी नवऱ्याला म्हटलं बघ, दोघं मिळून पण चुकतात, तर तो म्हणाला आपलं लग्न ठरवताना हेच झालं होतं.

कृष्णाकाठ
अपडेट देतो. काल सांगलीच्या पॅथॉलॉजिस्टना भीतभीत फोन केला, मला वाटलं चिडतील. उलट म्हणाले संध्याकाळी या. ऑपरेशनच्या गाठीचे एकूण ५ ब्लॉक होते. त्यांनी मायटोसिस मोजलेलं दुसऱ्या ब्लॉकवर, मुंबईच्या रिपोर्टवर बारीक अक्षरात चौथ्या ब्लॉकचा नंबर होता, तो आमच्या कुणाच्या लक्षातच आला नव्हता. त्यांनी माझ्यासमोर चौथ्या ब्लॉकची काच काढली, मलाही आयपीसमधून दाखवलं (मला सगळं जांभळं नि गुलाबी दिसलं, मी मान हलवली), पंधरा मिनिटं मोजत बसले आणि म्हणाले, या कोपऱ्यात जास्त आहेत, मुंबईवाल्यांचं बरोबर आहे, मी इथं मोजायला हवं होतं. तिथंच पुरवणी रिपोर्ट सहीनिशी लिहून दिला. एवढं सरळ कुणी मान्य करेल असं वाटलं नव्हतं. काकांचा आवाज बंद झालाय.

आत्या म्हणते केमो घ्यायची तर घेऊ, पण ती जीन टेस्ट विचारूनच. परवा परत मुंबईला चाललोय, या वेळी पाचही ब्लॉक घेऊन. फॉर्मालिनदादा, ते मेणाचे ब्लॉक उन्हात वितळतात का? गाडीनं जाणार आहोत, एसी बंद आहे.

फॉर्मालिन
मेण साधारण ५६ ते ६० डिग्रीला वितळतं, त्यामुळं हातात धरून काही होत नाही, पण उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा डिकीत ठेवू नका, ब्लॉक मऊ पडून एकमेकांना चिकटतात. फ्रीजर वगैरेचा शहाणपणा करू नका. कागदात वेगवेगळे गुंडाळून जेवणाच्या डब्यात ठेवा, डबा आत्यांच्या पर्समध्ये. काचा स्लाइड बॉक्समध्येच न्या, लॅबवाले देतात, नसेल तर पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये रबरबँड लावून. आणि निघायच्या आधी प्रत्येक ब्लॉकवरचा नंबर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, तिथं किती जमा केले याची पावती घ्या आणि काम झालं की परत मागून घ्या. लोक ब्लॉक तिथंच विसरतात आणि दोन वर्षांनी आम्हाला फोन करतात.

कृष्णाकाठ
आत्याच्या पर्समध्ये आधीच सुपारी, विक्स आणि महालक्ष्मीचा अंगारा आहे, पण करतो जागा. आभार सगळ्यांचे.